एक नंबर प्रतीचा थेंब

आप्पांनी माझ्या सशाचा डोळा घालवला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे त्यांच्याबद्दल चार बरे शब्द लिहिले गेले तर मी विसरले किंवा माफ केलं असं कुणी समजू नये. विसरले तर नाहीच, आणि माफ करायला त्यांनी माफी कधी मागितलीच नाही.

निपाणीच्या शाळेत लागले तेव्हा त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या मला भाड्याने मिळाल्या. पुढे आप्पा एकटे, मागे मी एकटी, आणि मध्ये फरशीचं अंगण. रागात असूनही 'आप्पा म्हणाला' असं माझ्याच्याने लिहवत नाही. सदलग्याला आमच्या घरात मोठ्या माणसाला एकेरीत बोललं की आई हातातलं भांडं आपटायची. तेव्हा या लिखाणात राग माझा आणि आदर आईचा, असं समजून वाचावं.

आप्पा तंबाखूची प्रत लावणारे. सारा जन्म निपाणीच्या वखारींत गेला. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, पान बोटांत चुरगाळायचं, नाकाशी न्यायचं आणि समोरच्याच्या तोंडाकडे न बघता सांगायचं, एक नंबर, दोन नंबर, नाहीतर चुरा. त्यांचा शब्द व्यापारी मानायचा आणि मनातल्या मनात शिव्या देत शेतकरीही मानायचा. वखार सुटली, पण ही खोड काही सुटली नाही. जगातल्या सगळ्या वस्तूंना त्यांनी प्रती लावून ठेवल्या होत्या. गल्लीतले जावई, बसचे ड्रायव्हर, देवळातला प्रसाद, माझी शाळा, कुणी सुटलं नव्हतं. मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात 'दोन नंबर, पण कोरडी' असं सांगितलं होतं. कोरडी हे चांगलं की वाईट, ते मी विचारलं नाही.

दार वाजवणं हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. घर आपलं, तर आतलं माणूसही आपलंच, असा हिशेब. मी भाकरी थापत असताना ते मागून येऊन उभे राहायचे. चाहूल नाही, खाकरणं नाही, काही नाही. एकदम हात पुढे यायचा आणि पातेल्यावरचं झाकण वर जायचं. वास घेऊन निकाल. "बाई, आमटी तीन नंबर. चिंच लई झालीया." दोनदा माझ्या हातून उलथनं पडलं, एकदा हात भाजला. निदान हाक तरी मारत जा, असं मी किती वेळा सांगितलं असेल. तर म्हणायचे, माझ्या घरात मी कशाला वरडत हिंडू. गल्लीतल्या कुणाच्याही घरात ते असेच शिरायचे. बायका डोक्यावर पदर घेईपर्यंत आप्पा चुलीपर्यंत पोचलेले असायचे.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आप्पांना डोळ्याबरोबर एक नवीन धंदाही मिळाला. पट्टी निघाली त्या दिवशी ते गल्लीच्या तोंडाशी उभे राहून समोरच्या दुकानाची पाटी वाचत होते. पाटी कानडीत, आप्पांना कानडी वाचता येत नाही, पण अक्षरं दिसतात याचाच आनंद इतका की त्यांनी ती तीन-चार वेळा वाचली. हा चमत्कार डॉक्टरने केला असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. चमत्कार केला थेंबांनी. ऑपरेशननंतर घालायला दिलेल्या त्या बाटलीला त्यांनी एक नंबर प्रत लावली. मग औषधांच्या दुकानदाराच्या मागे लागून तशाच बाटल्या आणल्या, फ्रिजच्या दारात ओळीने लावल्या आणि गल्लीला वाटायला सुरुवात केली.

आमच्या भागात दुसऱ्याच्या डोळ्यात काहीही घालायला लोक एका पायावर तयार असतात. लहान मुलाचे डोळे आले, मध घाल. लाल झाले, तूप घाल. काही झालं नाही तरी काजळ घाल. स्वतःच्या डोळ्यात कचरा गेला तर फुंकर मारायलासुद्धा विश्वासाचं माणूस शोधतील, पण दुसऱ्याचा डोळा म्हणजे कुणीही पत्र टाकावं अशी पेटी. मला याचा संताप तेव्हाही यायचा. पण समोरची सुमनआक्का रोज मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची, धुरळ्याने तिचे डोळे सदा चुरचुरायचे, आणि आप्पांच्या थेंबाने तिला गार वाटायचं. आप्पांनी फुकट दिलेली बाटली ती देवाच्या फोटोमागे ठेवायची. तिच्याशी काय भांडणार?

अशा घरात भुरी आली. शाळेतल्या एका बाईंच्या घरी ससे होते, त्यांनी हे राखाडी पिल्लू मला दिलं. आप्पांनी मानगुटीला धरून उचलायला हात पुढे केला, मी त्यांचा हात बाजूला सारला. तसं धरायचं नाही, मागून आधार द्यायचा, हे ऐकून ते फणकारले. "हे काय, घूस हाय नव्हं? कान तेवढं लांब." पण दुसऱ्या दिवसापासून बाजारातून येताना कोथिंबिरीची जुडी येऊ लागली. पानं आप्पांच्या चटणीत, काड्या भुरीला. मग काही दिवसांनी पानं भुरीला आणि काड्या चटणीत. आप्पा अंगणात पायरीवर बसले की ती त्यांच्या धोतराच्या सोग्यावर बसायची आणि आप्पा उठायचे नाहीत. शाळेच्या प्रार्थनेला उशीर होतोय म्हणून मी आत-बाहेर करत असायचे आणि नळाचं पाणी आतून सोडायला आप्पांना उठवावं तर ते बोटाने गप्प राहायची खूण करायचे. तिला त्यांनी प्रत लावली नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, माल अजून बघतोय.

तंबाखूचा हंगाम सुरू झाला की निपाणीत सगळ्यांचेच डोळे पाणावतात. हवेतच ती असते. नवखा माणूस शिंकत बसतो, जुना माणूस डोळे पुसतो आणि कामाला लागतो. त्या हंगामात भुरीच्या डाव्या डोळ्याला पाणी यायला लागलं. मी दाखवलं तेव्हा आप्पा म्हणाले, तंबाखू हाय. सुमनआक्का म्हणाली, तंबाखू हाय. भाजीवाली, दूधवाला, शाळेचा शिपाई, सगळ्यांनी एका सुरात तंबाखूचं नाव घेतलं आणि आपापले डोळे पुसले.

मला ते पटेना. तंबाखू लागायची तर दोन्ही डोळ्यांना लागेल, एकाच डोळ्याला कशी लागेल? आणि भुरी सारखी तोंड पुसत होती. तिचे पुढचे पंजे आतल्या बाजूने ओले होऊन केस चिकटले होते. डोळा अर्धा मिटलेला, पापणीच्या आत लाल. पांढऱ्या सशाचे डोळे मुळातच लाल, तिथे एखादा फसेल, पण हिचे काळेभोर होते. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि कोथिंबीर तशीच पडून होती. ससा दुखतंय म्हणून ओरडत नाही. तो फक्त खायचं सोडतो, आणि खाणं सुटलं की त्याचं पोट बंद पडतं आणि मग तो हातचा जातो. एवढं मला भुरी देणाऱ्या बाईंनी बजावून सांगितलं होतं.

निपाणीतल्या जनावरांच्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की आपण म्हशी-बैलांचे, सशाचा डोळा आपल्याला कळत नाही, कोल्हापूरला जा. गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी भुरीच्या डोळ्यात पिवळसर रंगाचा एक थेंब सोडला, निळा उजेड धरला, आणि बुबुळावर एक बारीक रेघ हिरवी चमकली. वाळल्या गवताची काडी लागली असावी, म्हणाल्या. जखम लहान आहे, भरून येईल. थेंब दिले, सकाळ-दुपार-संध्याकाळ. आणि दुसरं काहीही डोळ्यात घालायचं नाही, असं दोनदा सांगितलं.

सकाळ-संध्याकाळ मी होते. दुपारी मी शाळेत. दुपारचा थेंब मी आप्पांना घालायला सांगितला, कारण दुसरं कोण होतं, आणि भुरी त्यांच्या मांडीवर शांत बसायची. बाटली हातात दिली, कसं धरायचं ते दाखवलं, डॉक्टरीणबाईंचं बजावणंही सांगितलं. आप्पांनी बाटली उजेडात धरून हलवली, झाकण काढून वास घेतला आणि नाक मुरडलं. मी ते बघितलं होतं. आप्पा कशालाच नाक मुरडल्याशिवाय राहत नाहीत, म्हणून त्याचं मला काही वाटलं नाही.

दोन-तीन दिवसांत लाली उतरली. अगदी दिसण्यासारखी. भुरीने थोडं गवत खाल्लं. आप्पा गल्लीभर सांगत सुटले की डोळा उतरला. मला वाटलं, माझ्यासारखेच तेही खूश आहेत. मग एका सकाळी बुबुळावर निळसर पांढरी झाक दिसली, काचेवर वाफ धरावी तशी, आणि मधोमध एक ठिपका वर आल्यासारखा. मी शाळेत रजा कळवली. आप्पा आपणहून बरोबर आले. टोपी घातली, इस्त्रीचा सदरा घातला.

डॉक्टरीणबाईंनी निळा उजेड धरून डोळा बघितला. मग मला विचारलं, "मी दिलेल्याशिवाय दुसरं काही घातलंत?"

मी नाही म्हणाले. आणि माझ्या शेजारी आप्पांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला.

"घातलंय की. हे बघा." त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. "तुमचं थेंब पाण्यावानी हुतं. दुपारचं ह्येच घातलं. डोळ्याच्या आप्रेशनला देत्यात हे, माणसाच्या. एक नंबर."

ते बाटली लपवायला आले नव्हते. डॉक्टरीणबाईंना दाखवायला आले होते, म्हणजे पुढच्या वेळी त्यांनाही कळेल. म्हणून तो इस्त्रीचा सदरा.

डॉक्टरीणबाईंनी लेबल वाचलं. आवाज न चढवता सांगितलं, "हे औषध लाली उतरवतं. पण जखमेवर घातलं तर जखम भरू देत नाही. वरून डोळा बरा दिसत होता आणि आत जखम वाढत होती. आता बुबुळ फुटलंय. डोळा काढावा लागेल."

मग मी ओरडले. दवाखाना भरलेला होता, कुत्री घेऊन लोक बसले होते, कुत्रीसुद्धा गप्प झाली. तुम्हाला प्रत लावायला कुणी सांगितली होती, असं मी ओरडले. ही तंबाखू आहे का, हा काय तुमच्या वखारीतला माल आहे का, बजावून सांगितलेलं तुम्हाला कळत नाही का. आणखीही पुष्कळ बोलले. एक शब्दही परत घ्यावासा मला आजही वाटत नाही. आप्पा टेबलावरच्या बाटलीकडे बघत उभे होते. त्यांनी ती उचलली आणि पुन्हा खिशात ठेवली.

डोळा दुपारी काढला. निघताना डॉक्टरीणबाईंनी मला पुढचं सगळं समजावलं. हाताने भरवायचं, टाके बघायचे. आणि या बाजूने तिला आता काही दिसणार नाही, तेव्हा डावीकडून जाताना आधी आवाज द्या, नाहीतर दचकून उडी मारेल आणि कुठेतरी आपटेल. आप्पा दाराशी उभे राहून ऐकत होते.

परतीच्या बसमध्ये मी शेजारच्या सीटवर भुरीची टोपली ठेवली. त्यांना बसायला दिलं नाही. मागे जागा होती, पण आप्पा कोल्हापूर ते निपाणी दांडीला धरून उभे राहून आले. कागल गेलं, हमरस्त्यावर बसने वेग घेतला, ते टोपलीकडे बघत होते आणि मी खिडकीबाहेर. त्यांचं वय झालं होतं, दांडीवरचा हात ते सारखा बदलत होते, ते मला दिसत होतं. मी टोपली हलवली नाही.

स्टँडवर उतरल्यावर मी सरळ घरी आले. आप्पा माझ्यामागून आले, पण आत शिरले नाहीत. ते समोर सुमनआक्काच्या दारात गेले. मी टोपली घेऊन पुढच्या ओट्यावर उभी होते, सगळं ऐकू येत होतं. सुमनआक्का सुपातली पानं सारखी करत होती. आप्पांनी बाटली आण म्हटलं. ती म्हणाली, अजून हाय की तिच्यात. आप्पांनी पुन्हा आण म्हटलं. ती आत गेली, फोटोमागची बाटली घेऊन आली, पण हातात देईना.

आप्पा तिच्यावर उखडले. कोण काय बी देतंय आन् तू डोळ्यात घालतीस, अक्कल गहाण टाकलीयास काय, असं काय काय. माझ्या मनात आलं, आता हिच्यावर ओरडतात, वाटताना कुठे गेली होती अक्कल. सुमनआक्काच्याही ते मनात आलं असणार. ती साधी बाई, पण ऐकून घेणारी नव्हे.

"तुम्हीच दिलीसा न्हवं आप्पा? एक नंबर प्रत हाय म्हणालता."

गल्लीत दोन-चार दारं उघडी होती. आप्पांनी हात पुढे धरला होता, तो तसाच राहिला.

"मला प्रत कळत न्हाई," आप्पा म्हणाले. "आण हिकडं."

तिने दिली. मग ते पुढच्या दारात गेले, त्याच्या पुढच्या दारात गेले. प्रत्येक ठिकाणी भांडण. फुकट दिलेली वस्तू परत मागितलेली निपाणीत कुणाला आवडत नाही. एकाने तर तोंडावर सांगितलं की म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. एवढ्याशा सशापायी केवढा तमाशा, मटण झालं असतं एका टायमाचं, असंही कुणीतरी म्हणालं. ते ऐकून मी टोपली खाली ठेवून त्या माणसाला काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. आप्पांनी सगळ्या बाटल्या आणि फ्रिजमधल्याही बाटल्या गटारीत ओतल्या आणि एकेक चपलेखाली चिरडली. मला वाटलं, आता तरी माझ्याकडे येतील आणि एक शब्द बोलतील. आले नाहीत. दार लावून घेतलं.

त्यानंतर माझी आमटी कितव्या नंबरची होते ते मला पुन्हा कळलं नाही. झाकण उचलायचे, वास घ्यायचे आणि झाकण ठेवून जायचे. येणं मात्र तसंच, न सांगता, मागून. मी त्यांच्याशी कामापुरतं बोलायचे. गल्लीत कुणाकडे ससा आला की आप्पा हजर. पंजे उलटे करून आतून बघायचे. एका डोळ्याला पाणी, पंजा आतून चिकट, तोंड भिंतीकडं, म्हंजे थेट कोल्हापूर, थेंब-बिंब काय घालायचं न्हाई, असं दारात उभं राहून दटावायचे. लोक हसायचे. हसणाऱ्यांना ते आईबापावरून शिव्या द्यायचे.

पुढे माझी बेळगावला बदली झाली. भुरीला नेणार होते, पिंजरा आणला होता. पण त्या अंगणात तिला प्रत्येक कोपरा पाठ होता. तुळशीची कुंडी कुठे, पायरी कुठे संपते, नळाखालचा दगड कुठे. बेळगावच्या खोलीत ती एका डोळ्याने पुन्हा सगळं पाठ करणार, आणि मी दिवसभर शाळेत. आप्पा माझं सामान बांधून होईपर्यंत पायरीवर बसून होते. शेवटी म्हणाले, "तिला हितलं सगळं ठावं हाय. तुला जायाचं तर तू जा."

विनंती नव्हे, सांगणं. ज्यांनी डोळा घालवला त्यांच्याचकडे तिला ठेवून मी बसमध्ये बसले, आणि संकेश्वर येईपर्यंत मी स्वतःवरच जळफळत होते.

गेल्या महिन्यात बोरगावला लग्न होतं, तिथून वाट वाकडी करून निपाणीला गेले. दुपारची वेळ. फाटक उघडं होतं, मी बोळातून सरळ मागे गेले. भुरी नळाजवळ बसली होती, डावी बाजू घराकडे करून. आप्पा कोथिंबीर घेऊन मागच्या दारातून बाहेर आले. मी दिसले नाही त्यांना. उंबऱ्यावर थांबले. खाकरले. मग म्हणाले, "आलो गं. आप्पा हाय." भुरीचा एक कान वळला. मग ते एक पाऊल पुढे आले, पुन्हा खाकरले, पुन्हा एक पाऊल. आख्ख्या जन्मात कुणाच्या दारात न खाकरलेला माणूस.

मी पुढे झाले. फरशीवर माझी चप्पल वाजली, भुरी दचकून उडाली आणि कुंडीवर आदळता आदळता राहिली. आप्पा वळले आणि मला बघून भडकलेच.

"दार वाजवायला हात झडलं व्हय तुझं? आवाज न्हाई, काय न्हाई, सरळ आत. ती दचकती, ठावं न्हाई तुला?"

डोक्यात सणक गेली. तोंडावर आलं होतं सगळं, उलथनं, भाजलेला हात, ती खिशातली बाटली. आप्पा माझ्याकडे पाठ करून वाकले होते, हात पुढे करून, आणि हळू आवाजात तिला सांगत होते की काय न्हाई, बाई हाय, आपली बाई हाय.

मी फाटकापर्यंत परत गेले. कडी वाजवली, मोठ्याने खाकरले, आणि आत आले.